लोह, यकृत आणि आतड्यातील बिऱ्हाडकरू

आपल्याकडे अशक्तपणावरचा घरगुती उपाय ठरलेला आहे. मुलगी फिकट दिसू लागली, दोन जिने चढून धापा टाकू लागली, की खजूर, अळीव आणि लोखंडी कढईतली पालेभाजी सुरू होते. तेवढ्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या येतात. शरीर हे रांजणासारखे आहे, कमी पडले की वरून ओतावे, अशी या उपायामागची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. पोटात पडलेले लोह आणि रक्तात पोहोचलेले लोह यांच्या मध्ये एक दार आहे. त्या दाराची किल्ली यकृताजवळ असते, आणि आतड्यात वस्तीला असलेले सूक्ष्मजंतूही त्या व्यवहारात हात घालतात. या तिघांचा संबंध काय, तेवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

विषय केवळ कुतूहलाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. सगळाच रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. परंतु लोहाचा अभाव हे त्याचे फार मोठे कारण आहे.

प्रथम जमाखर्च पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सारे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा एखादा लहानसा खिळाच होईल. त्यातील सुमारे दोन तृतीयांश रक्तातील तांबड्या पेशींत असते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या म्हणजे पाणथरीतील व यकृतातील भक्षक पेशी त्यांतले लोह वेचून पुन्हा कामाला लावतात. ही उलाढाल रोज २० ते २५ मिलिग्रॅमची असते. अन्नातून मात्र रोज १ ते २ मिलिग्रॅमच आत येते, आणि जवळजवळ तेवढेच झडणाऱ्या पेशींबरोबर जाते. मीठ जास्त झाले तर मूत्रावाटे निघून जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची अशी वाट शरीराजवळ नाही. म्हणून सारा बंदोबस्त आत येतानाच करावा लागतो.

पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे, तसा हा नाका लहान आतड्याच्या सुरुवातीला आहे. तेथील पेशी अन्नातले लोह आत घेतात आणि ‘फेरोपोर्टिन’ नावाच्या प्रथिनाच्या दारातून रक्तात सोडतात. शरीरातला साठा पुरेसा झाला की यकृत ‘हेप्सिडिन’ नावाचा पदार्थ रक्तात सोडते. हा पदार्थ त्या दारालाच मोडीत काढतो. मग लोह पेशीतच अडकते आणि पेशी झडली की तिच्याबरोबर शौचावाटे जाते. ही क्रिया २००४ साली एलिझाबेटा नेमेथ, टोमास गँझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली. अंगात दाह किंवा जंतुसंसर्ग असला तरीही यकृत हेप्सिडिन वाढवते. शत्रूला रसद मिळू नये म्हणून कोठार बंद करावे, तसाच हा प्रकार. जुनाट दुखण्यात लोहाच्या गोळ्या पुष्कळदा लागू पडत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

आता बिऱ्हाडकरूंकडे वळू. गोळीतल्या लोहाचा थोडाच भाग रक्तात जातो. उरलेला मोठ्या आतड्यात उतरतो, आणि तेथे जंतूंची दाट वस्ती असते. दही विरजणाऱ्या जंतूंच्या कुळातील अनेक जंतू लोहावाचून निभावतात. उलट रोग निर्माण करणाऱ्या बऱ्याच जंतूंना त्याची हाव असते. आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट येथे शाळकरी मुलांना लोहयुक्त बिस्किटे देऊन पाहिली. त्या अभ्यासात (२०१०) पहिले कमी झाले आणि आतड्यातील उपद्रवी कुळातले जंतू वाढले. केनियातील तान्ह्या मुलांतही (२०१५) लोहाच्या भुकटीने असाच फरक पडला, शिवाय आतड्याचा दाह वाढला. जंतू दारावरही परिणाम करतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात यात्रिक शाह यांच्या प्रयोगशाळेने २०२० साली दाखवले की, काही आतड्यातील जंतूंनी तयार केलेले पदार्थ लोहशोषण मंद करतात, आणि लोहाचा साठा फाजील झालेल्या उंदरांत तो कमी करतात. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, हे मात्र विसरता कामा नये.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येते. आतड्याचे अस्तर दुबळे झाले तर जंतूंचे अवशेष त्याच वाटेने यकृतात उतरतात आणि तेथे दाह पेटतो. मद्य दोन्हीकडून घात करते. ते अस्तर बिघडवते आणि हेप्सिडिनही घटवते. म्हणजे पहारेकरी झोपतो, दार उघडे राहते आणि लोह यकृतात साठू लागते. मोकळे लोह पेशींना जाळणारे पदार्थ उत्पन्न करते. वर्षानुवर्षे असे चालले की यकृतावर वण पडतात. यकृत निकामी होऊ लागल्यावर जंतूंनी बनवलेला अमोनिया मेंदूला ग्लानी आणतो. ती उतरवण्यासाठी डॉक्टर लॅक्ट्युलोज देतात. या औषधाचे काम आतड्यात चालते आणि गुण मेंदूला येतो!

यावरून लोहाच्या गोळ्या टाकून द्याव्यात असा अर्थ कोणी काढू नये. गर्भवतीला व रक्तक्षय झालेल्या मुलीला त्या हव्यातच, आणि त्या न घेतल्याने होणारे नुकसान मोठे आहे. आमचे म्हणणे इतकेच की, रक्त तपासल्याविना मनाने गोळ्या घेत राहू नये. लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी आहे. पण दाह किंवा यकृताचा विकार असेल तर तो आकडाही फुगतो, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्यावा. गोळ्या घेऊनही फिकेपणा हटत नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी दार का बंद आहे ते विचारावे. रक्त कोठे जाते आहे, पोटात जंत आहेत काय, दाह आहे काय, हे पाहिल्यावाचून नुसते ओतत राहिले तर रांजण भरत नाही, भोवती चिखल मात्र होतो.