दोघांनी ऐकायची रात्र

पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या बहुतेक कारखान्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळ्या कारखान्यांचा भार विजेवर एकाच दिवशी पडू नये म्हणून कधीकाळी झालेली ही वाटणी आता या भागाच्या अंगवळणी पडली आहे. तिचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. नवरा शॉपफ्लोअरवर आणि बायको हिंजवडीच्या कंपनीत, किंवा याच्या उलट, अशी हजारो जोडपी वाकड, मोशी, चिखली, प्राधिकरणात राहतात. एकाला गुरुवार मोकळा, दुसऱ्याला शनिवार-रविवार. त्यातच फर्स्ट, सेकंड, नाईट अशी पाळी दर आठवड्याला फिरत असेल, तर दोघांची म्हणून उरते ती महिन्यातली एखाद-दुसरी संध्याकाळ. ती कुठे घालवायची हा चैनीचा प्रश्न नाही. ज्यांना जॅझ ऐकत ती घालवावीशी वाटते, त्यांच्यासाठी माझं म्हणणं असं, की क्लब निवडताना मेणबत्त्या, दिव्यांची रोषणाई, गच्चीवरून दिसणारं शहर हे सगळं बाजूला ठेवावं आणि एवढंच पाहावं, की तिथे वाजवणाऱ्याचं ऐकलं जातं का? जिथे संगीताला मान आहे, तिथे दोघांच्या एकांतालाही जागा मिळते. जिथे संगीत फक्त मागे चालू ठेवायचं असतं, तिथे ती मिळत नाही.

यामागे जॅझची घडण आहे. साधारणपणे आधी सगळे मिळून धून मांडतात. मग तिच्या स्वरसंगतीचा तोच आराखडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि त्यावर एकेक वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. शेवटी सगळे मूळ धुनेवर परत येतात. कधी दोन वादक चार-चार मात्रांच्या चार आवर्तनांपुरती आळीपाळीने वाट धरतात: एक बोलतो, दुसरा उत्तर देतो. बैठकीत ख्याल किंवा ठुमरी ऐकलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. समेवर येण्याची वाट पाहणं, तबलजीने हसून मान डोलावणं, गायकाने एखादी जागा घेतली की नकळत शेजारच्याकडे पाहणं, हे सारं जॅझमध्येही आहे. आणि शेजारच्याकडे पाहण्याचा तो क्षण हाच या रात्रीचा खरा लाभ आहे. दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीने चकित होतात. चित्रपटगृहात अंधार असतो आणि पडद्यावरचं सगळं आधीच ठरलेलं असतं. इथे पुढच्या क्षणी काय होणार हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आठवड्याभराने भेटणाऱ्या दोघांना गप्पा मारायच्या असतात. तोंड मिटून ऐकायचं असेल तर बाहेर कशाला जायचं? आक्षेप खरा आहे, पण तो उलट्या दिशेने लागू पडतो. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो. ध्वनिशास्त्रात याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. एका टेबलाने आवाज चढवला की दुसरं चढवतं, मग वादक ध्वनिवर्धक वाढवतात, आणि तासाभरात शेजारी बसलेल्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. ज्या क्लबात लोक ऐकायला येतात, तिथे हे चक्र सुरूच होत नाही. शिवाय जॅझचा कार्यक्रम सलग नसतो. साधारण पाऊण तासाचा एक सेट, मग मध्यंतर, मग दुसरा सेट. गप्पांसाठी ते मध्यंतर असतं, आणि नुकतंच ऐकलेलं काहीतरी त्या गप्पांना सुरुवात करून देतं. दिवसभर मशीनच्या किंवा फोनच्या आवाजात राहिलेल्या माणसाला हा क्रम फार मानवतो.

ऐकणारा क्लब म्हणजे श्वास रोखून बसायचं देऊळ, असंही नाही. न्यूयॉर्कमधला व्हिलेज व्हॅनगार्ड १९३५ साली सुरू झाला, तो आजही तळघरातल्या एका लहानशा तिकोनी खोलीत चालू आहे. २५ जून १९६१ रोजी, एका रविवारी, पियानोवादक बिल इव्हान्स, बासवादक स्कॉट लफॅरो आणि ड्रमवादक पॉल मोशन यांनी तिथे वाजवलं ते ध्वनिमुद्रित झालं. जॅझमधली सर्वांत कोवळी, सर्वांत जवळीक असलेली ध्वनिमुद्रणं कोणती असं विचारलं, तर जाणकार हटकून त्यांचं नाव घेतात. लक्ष देऊन ऐकलं तर पियानोच्या मागे ग्लास एकमेकांवर वाजताना ऐकू येतात, बोलणं ऐकू येतं, कुणीतरी हसतं. मोशन ड्रमवर काठीऐवजी तारांचा ब्रश फिरवतो आणि तो आवाज त्या कुजबुजीपेक्षा फार मोठा नाही. लोक बोलत होते, पण संगीताच्या खालच्या पट्टीत. खोली लहान, ध्वनिवर्धकावर भर नाही, आणि वाजवणाऱ्यांना हळू वाजवण्याची मुभा. त्या दुपारी-रात्री तिथे बसलेल्या जोडप्यांना जे मिळालं, ते कोणत्याही सजावटीने मिळालं नसतं.

दुसरा आक्षेप जरा मनातला असतो: हे काही आपलं नाही, इंग्रजाळलेल्या लोकांचं आहे. इतिहास तसं सांगत नाही. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या वर्षांत गोव्याचे वादक ही कला शिकले आणि तिच्यात मुरले. त्यांतला हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचा आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांमधल्या रात्री ओसरू लागल्या आणि असे कितीतरी वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांकडे वळले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांना वाद्यमेळ बांधून दिला. चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करू लागला. १९५१चा ‘अलबेला’ आठवा: संगीत याच सी. रामचंद्रांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं, दिग्दर्शक आणि नायक गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, आणि एका गाण्यात खुद्द चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर. ज्या घरांत ही गाणी तीन पिढ्या गुणगुणली गेली, त्या घरातल्या मुलांना जॅझ क्लबात पाऊल टाकताना बिचकायचं काही कारण नाही. त्या ट्रम्पेटवर त्यांचा तितकाच हक्क आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे. पिंपरी-चिंचवडमध्ये चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीचं लांडगे नाट्यगृह आहे. नाटकाची रात्र इथे उत्तम साजरी होते. जॅझसाठी मात्र नदी ओलांडून पुण्यात जावं लागतं, मुख्यतः कोरेगाव पार्क आणि आसपास. तिथल्या एबीसी फार्म्समधल्या शिशा कॅफेने बरीच वर्षं गुरुवारची रात्र जॅझला दिली होती. कारखान्याच्या सुट्टीशी इतका जुळणारा बेत या पट्ट्यातल्या किती जणांच्या ध्यानात आला असेल, असं वाटून जातं. पण नावाच्या भरवशावर जाऊ नये. मुंबईत लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ साली ब्ल्यू फ्रॉग उघडला, तेव्हा गोल कोनाड्यांसारख्या आसनांची उंची मागे मागे चढती ठेवली होती, म्हणजे जेवणाऱ्या प्रत्येकाला रंगमंच दिसावा. आपल्याकडे ऐकणाऱ्याचा इतका विचार क्वचितच झाला. तोही २०१६ साली बंद पडला. मग चांगलं ऐकवणारा क्लब टिकतच नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला वाटतं, यातून उलट एक सवय लावून घ्यावी: क्लबची कीर्ती विचारू नये, त्या रात्री कोण वाजवणार आहे ते विचारावं.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे, आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक चालत नाही. सूट आहे ती बंदिस्त सभागृहांसारख्या जागांना. मुंबईत धोबीतलावच्या ज्या उघड्या रंगभवनात १९७८ साली जॅझ यात्रा सुरू झाली, ते रंगभवनही पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मैफलींना मुकलं. नियम योग्यच आहे. शेजारी झोपलेल्यांचा हक्क मोठा. पण त्याचा अर्थ हा, की झाडांखालची किंवा गच्चीवरची सुंदर जागा निवडली आणि पहिला सेट नऊला सुरू झाला, तर रंग भरायच्या आत सगळं आवरतं. बंदिस्त, जरा लहान, भिंतींना लाकूड किंवा कापड असलेली खोली छायाचित्रात साधी दिसेल, पण कानाला तीच बरी.

म्हणून टेबल राखून ठेवायला फोन कराल तेव्हा चौकशी करावी. वादक किती आणि वाद्यं कोणती? पियानो, बास आणि ड्रम असा त्रिकुटाचा मेळ असेल तर दोघांच्या रात्रीला त्याहून चांगलं काही नाही. एकट्या गायकामागे तयार ध्वनिफीत वाजणार असेल, तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तो बेत सोडावा. पहिला सेट किती वाजता? संगीताचं तिकीट वेगळं आहे का? पुष्कळ ठिकाणी कव्हर चार्ज जेवणाच्या बिलात वळता होतो आणि गिऱ्हाइकाला तो फायद्याचा वाटतो. मला वेगळं तिकीट जास्त आश्वासक वाटतं. वाजवणाऱ्याला त्याच्या वाजवण्याचे पैसे मिळत असतील, तर मालक त्याच्या वेळी बारमधला मिक्सर बंद ठेवील आणि पडद्यावर क्रिकेट लावणार नाही. खर्चाची तक्रार रास्त आहे, दोघांची एक रात्र स्वस्तात पडत नाही. पण मद्य घेतलंच पाहिजे असं नाही, आणि महिन्यात तीनदा कुठेतरी जेवण्यापेक्षा दोन महिन्यांतून एकदा नीट ऐकून येणं हा हिशेब जमण्यासारखा आहे. टेबल समोरासमोर नको, कोपऱ्याला काटकोनात बसता येईल असं मागावं, म्हणजे दोघांनाही वादक दिसतात आणि खांदेही जवळ राहतात. स्पीकरच्या तोंडासमोरची जागा टाळावी, मग ती कितीही पुढची असो.

राहिला जाण्या-परतण्याचा प्रश्न, आणि चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्यांसाठी तोच सगळ्यात अवघड. तिथल्या तळेगाव चौकातली कोंडी संध्याकाळचा तासभर सहज खाते, त्यामुळे पाळी सुटल्यावर थेट गाडीने कोरेगाव पार्क गाठायचा बेत बहुधा फसतो आणि दोघंही वैतागून पोचतात. त्यापेक्षा नाशिक फाट्यापर्यंत येऊन मेट्रो धरावी. पिंपरीहून येणाऱ्यांनाही हाच रस्ता: जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलायची आणि बंड गार्डनला उतरायचं. मेट्रो रात्री अकराच्या सुमारास थांबते, म्हणून साडेसात-आठला पहिला सेट असलेली जागा या पट्ट्यातल्या जोडप्यांना सोयीची. दुसरा सेट जास्त रंगतो हे खरं. वादकांचे हात तोवर सुटलेले असतात. ज्यांना दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टची बस पहाटे गाठायची नसेल, त्यांनी तो जरूर ऐकावा आणि परतीची गाडी आधीच ठरवून ठेवावी.