इलेक्ट्रिकल घ्यावं की नाही?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप (CAP) प्रक्रियेचा ऑप्शन फॉर्म भरताना बऱ्याच जणांचा क्रम ठरलेला: कॉम्प्युटर, आयटी, ईएनटीसी आणि खाली कुठेतरी इलेक्ट्रिकल. 'मिळालं तर बघू' म्हणून ही शाखा घेऊ नका, आणि नुसती घाबरून सोडूही नका.

आधी एक गैरसमज: इलेक्ट्रिकल म्हणजे वायरिंग नव्हे. चार वर्षांत सर्किट थिअरी, मशीन्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल सिस्टिम, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स येतं. मोबाइलचा चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर, ई-स्कूटरची मोटर चालवणारा कंट्रोलर ही सगळी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचीच करामत.

आता एक छोटी परीक्षा. घरात फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात. पण थ्री-फेजच्या कोणत्याही दोन फेजमध्ये 460 नाही, तर साधारण 400 व्होल्ट मिळतात. का? कारण तिन्ही फेज एकमेकांपासून 120 अंशांनी सरकलेले असतात, म्हणून दुपटीऐवजी 230 गुणिले वर्गमूळ 3. हे वाचून कागद-पेन घ्यावंसं वाटलं, तर शाखा तुमचीच!

अकरावी-बारावीत कॉम्प्लेक्स नंबर आणि डिफरन्शियल इक्वेशन नकोसे झाले असतील, तर मात्र दोनदा विचार करा. इथे ते रोज भेटतात.

पुढचे रस्ते: महावितरण, महापारेषण, महानिर्मितीची भरती, गेट देऊन एमटेक, शिवाय सोलर, ईव्ही, ऑटोमेशन. कोडिंगही थोडं शिकून ठेवा, कामी येतं.

कॉलेज बघायला गेलात तर मशीन्स लॅब नक्की बघा. मोटरींवर धूळ असेल, तर प्रॅक्टिकल कशी होतात ते तिथल्याच मुलांना विचारा.

#इलेक्ट्रिकल #इंजिनिअरिंग_प्रवेश