तेरचे वस्तुसंग्रहालय आणि उपासकांचे जग

फुलंब्री परिसरातून उपासक-उपासिकांची सहल निघाली, की ती बहुधा अजिंठ्यास जाते. वाट गावावरूनच जात असल्याने हे साहजिक आहे. परंतु लेणी आपणांस मुख्यत्वे भिक्खुसंघाचे जीवन दाखवितात. ज्यांच्या दानावर संघ उभा होता, ते गृहस्थ काय घडवीत, काय विकीत, कोणते अलंकार वापरीत, हे जाणण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथील कापड भडोच बंदराकडे जाते, अशी नोंद आहे. येथील उत्खननात सातवाहनकालीन विटांचा स्तूप उजेडात आला. गावातील त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासकांचे मत आहे.

या गावच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू लामतुरे यांनी चिकाटीने जमविल्या. त्यांतूनच उभ्या राहिलेल्या या संग्रहालयात आज 23 हजारांहून अधिक वस्तू आहेत. मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी, मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती त्यांत आहेत. या साऱ्या वस्तू बौद्धांच्याच होत्या, असे म्हणता येणार नाही. मात्र ज्या समाजातून स्तूपास दान मिळाले, त्या समाजाच्या या वस्तू आहेत, एवढे निश्चित.

संग्रहालय शिकविते ते असे. येथील पांढऱ्या मातीच्या काही मूर्ती दुहेरी साच्याच्या आहेत. पुढचा व मागचा भाग निरनिराळ्या साच्यांत दाबून घेत, मग दोन्ही जोडून भाजीत. म्हणून त्या आतून पोकळ असतात. मुलांना मूर्तीच्या कडेची सांधरेषा शोधावयास सांगावे. ती रेषा सापडली, की राजांच्या नावांपलीकडील एक कारागीर त्यांच्यासमोर उभा राहतो.

हे जग फुलंब्रीपासूनही दूर नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत. 1973 च्या सुमारास तेथे झालेल्या उत्खननातही हस्तिदंती मूर्ती मिळाली. आपल्याच भागातील सामान्य स्त्री-पुरुषांनी शेकडो मैलांवरील स्तूपासाठी दान दिले, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी.

म्हणून विहारांनी अजिंठ्याच्या सहलीबरोबर तेरचीही एक सहल योजावी. निघण्यापूर्वी एक तास नकाशावर पैठण, भोकरदन, तेर आणि भडोच दाखवावे. परतल्यावर प्रत्येक मुलाने पाहिलेल्या एका वस्तूचे चित्र काढून ती कोणी, कशासाठी वापरली असेल, हे चार ओळींत लिहावे. ती चित्रे विहाराच्या भिंतीवर लावली, तर गावाचे पहिले प्रदर्शन तेथेच भरेल.