ब्रेक लागला की वीज उलटी वाहते

डोंबिवलीहून सुटलेली कल्याण लोकल ठाकुर्लीत शिरते आणि मोटरमन ब्रेक लावतो. त्या काही सेकंदांत डोक्यावरच्या तारेत जे घडतं, ते फलाटावरच्या कोणालाच दिसत नाही. एरवी वीज तारेतून गाडीत उतरत असते. ब्रेक लागल्यावर ती गाडीतून तारेत चढू लागते. क्षणापूर्वी ज्या मोटरी चाकं फिरवत होत्या, त्यांना आता चाकंच फिरवू लागतात आणि मोटरीचं जनित्र होतं. वीज तयार करण्याचे कष्ट गाडीच्या वेगाला पडतात, म्हणून वेग उतरतो. तेवढ्यात जवळपास दुसरी एखादी लोकल सुटत असेल तर ही वीज ती ओढून घेते. कोणी घेणारं नसेल तर ती सबस्टेशनातून मागे, ग्रीडमध्ये जाते.

किती वीज? कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर शाळेतल्या भौतिकशास्त्रावर भागतं. बारा डब्यांची भरलेली लोकल माणसांसकट ८०० टनांची धरू आणि वेग ताशी ८० किलोमीटर. वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणलं की गाडीत साठलेली ऊर्जा मिळते. उत्तर येतं सुमारे ५५ युनिट. हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट. महिन्याला २०० युनिट लागणाऱ्या घराचा आठवडा त्यात निघेल. सीएसएमटीहून कल्याणला येणारी धीमी लोकल अशी, कमीअधिक वेगातून, २५ वेळा थांबते.

हे ५५ युनिट सगळे परत मिळतात असं नाही. हवेचा विरोध आहे, मोटरींची स्वतःची खोट आहे आणि अगदी शेवटी, गाडी रांगायला लागली की, साधे यांत्रिक ब्रेकच लावावे लागतात. तरी गोळाबेरीज करता आजच्या थ्री-फेज लोकलने तारेतून घेतलेल्या विजेपैकी साधारण तीस टक्के तारेला परत जाते. दहातले तीन. जुन्या डीसी लोकलमध्ये ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांनी चाकांवर घासून संपवली जायची. चाकं तापायची, लोखंडाचा भुगा उडायचा, वास यायचा आणि पुढच्या स्टेशनसाठी नव्याने वीज घ्यावी लागायची. गाडी सुटतानासुद्धा तीच तऱ्हा. मोटरींना एकदम पूर्ण वीज देता येत नाही, म्हणून वाटेत रोधक घालत, आणि ते रोधक तापून वीज खात. म्हणजे सुरू होताना उष्णता, थांबतानाही उष्णता.

हे सगळं ठाकुर्लीत घडावं यात एक गंमत आहे. ठाकुर्ली म्हणजे चोळे पॉवर हाऊसचं गाव. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १९२९च्या सुमारास विजेच्या गाड्यांसाठी इथे स्वतःचं वीजकेंद्र उभारलं. कोळसा यायचा, बॉयलर पेटायचे आणि त्या विजेवर गाड्या धावायच्या. ऐंशीच्या दशकात ते बंद पडलं. आज त्याच रुळांवर, त्याच स्टेशनात, येणारी प्रत्येक लोकल थांबता थांबता थोडी वीज करून जाते. हे वीजकेंद्र मात्र नकाशावर दाखवता येत नाही आणि त्याच्या उद्घाटनाची फीतही कोणी कापलेली नाही.

दुसरा बदल तारेतच झाला. १९२५ साली व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं मुंबईची उपनगरी रेल्वे त्याच दाबावर चालली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २५,००० व्होल्ट एसी टप्प्याटप्प्याने आली. सीएसएमटीच्या बाजूचा शेवटचा तुकडा जून २०१५मध्ये बदलला गेला. दाब जवळपास सतरापट वाढला की तेवढीच शक्ती पोचवायला प्रवाह सतरापट कमी लागतो. आणि तार तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने. त्यामुळे तीच तार, तेच अंतर, तेवढंच काम असं धरलं तर वाटेतला नाश सुमारे पावणेतीनशे पट घटतो. प्रत्यक्षात डीसीच्या काळात जाड तारा आणि दर काही किलोमीटरला सबस्टेशन ठेवून हा नाश आटोक्यात ठेवत होते, म्हणून खरा फरक इतका मोठा नव्हता. पण त्या जाड तारा आणि ती सबस्टेशनं ही त्या नाशाचीच किंमत होती.

ऊर्जाबचत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो उपदेश: दिवे बंद करा, पंखा बंद करा, घाम पुसत बसा. लोकलने असं काहीच केलं नाही. ती उलट जास्त जोमाने वेग घेते आणि माणसंही तेवढीच नेते. कमी झाली ती फक्त कोणाच्याच उपयोगाची नसलेली उष्णता. बचतीचं बहुतेक शास्त्र एवढ्यावर उभं आहे: तापवणं हे ज्या यंत्राचं काम नाही आणि तरीही जे तापतं, तिथे गळती आहे.

आता घरात येऊ आणि मान वर करू. छताचा पंखा.

साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉटच्या आसपास घेतो. त्यातला हवा हलवण्यावर खर्च होणारा भाग ऐकून आश्चर्य वाटेल इतका लहान असतो. बाकीचा मोटरीच्या पोटात मुरतो. पंख्याच्या फिरत्या भागात चुंबक नसतो. स्थिर वेटोळ्यांनी त्याच्यात प्रवाह निर्माण करायचा, मग त्या प्रवाहाने चुंबकत्व यायचं आणि मग तो फिरायचा. तो उसना प्रवाह फिरत्या भागाला सतत तापवत राहतो. तास-दोन तास चाललेला पंखा बंद करून, पाती थांबल्यावर, मधल्या वाटीला हात लावून पाहा. ज्या खोलीला थंडावा द्यायला तो लावला, तिलाच तो थोडा शेक देत होता.

नव्या बीएलडीसी पंख्यात फिरत्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात. उसना प्रवाह लागतच नाही. चुंबक नेमका कुठे पोचलाय ते पाहून एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट वेटोळ्यांतला प्रवाह क्षणाक्षणाला पुढे सरकवतं आणि चुंबक त्याच्या मागे धावतो. तेवढाच वारा, पण ३० वॉटच्या आसपास. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ॲटमबर्ग कंपनीने हे पंखे आपल्याकडे घराघरांत ओळखीचे केले. आता सगळ्याच मोठ्या कंपन्या ते बनवतात.

रेग्युलेटरचं प्रकरण तर आणखी मजेशीर आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा ढकलायला लागणारी शक्ती निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. निसर्गाने दिलेली ही घसघशीत सूट. पण जुना डब्याएवढा रेग्युलेटर आठवतो? दोनवर ठेवला की तो स्वतःच तापायचा. पंख्याने नाकारलेली वीज हा मधला पठ्ठ्या खाऊन टाकायचा आणि मीटर म्हणावा तितका मंदावत नसे. जुन्या लोकलमध्ये सुटताना तापणारे रोधक आणि भिंतीवरचा हा डबा एकाच कुळातले. दोन्हीकडे त्यांना घरी बसवलं ते अर्धवाहकाच्या स्विचने. हा स्विच वीज अडवून जाळत नाही, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करून हवी तेवढीच पुढे सोडतो. लोकलच्या पोटात टनावारी माणसं ओढणारी युक्ती आणि हॉलच्या पंख्याच्या वाटीत दडलेली युक्ती एकाच जातीची आहे. इन्व्हर्टर एसीसुद्धा तिच्यावरच चालतो.

पैशांचा हिशेब करू. ४५ वॉटची बचत, दिवसाला पंधरा तास, महिन्याला वीस युनिट. ठाणे-डोंबिवलीच्या दमट हवेत पंधरा तास ही अतिशयोक्ती नव्हे. दोन पंखे असले तर चाळीस युनिट. आता बिलाकडे पाहा. महावितरणचा दर टप्प्यांनी चढतो: पहिल्या शंभर युनिटांना एक दर आणि १०१ ते ३०० या टप्प्याला त्याच्या दुपटीच्या आसपास. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे असतात. म्हणजे दोनशेतले चाळीस वाचले तर युनिट वीस टक्के घटतात, पण बिलातली घट त्याहून मोठी असते. ही साधी गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि बिलाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांतून ती कोणाला कळतही नाही.

देशाच्या पातळीवर तोच गुणाकार. एक कोटी पंखे एकाच वेळी चालू आहेत आणि प्रत्येकाने ४५ वॉट कमी घेतले, तर ४५० मेगावॉटची मागणी उतरते. वाटेतला तारांमधला नाश मिळवला की चंद्रपूरच्या वीजकेंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या एका संचाचं काम झालं. एलईडीच्या बाबतीत हे होऊन चुकलंय. जानेवारी २०१५मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. सरकारी कंपनीने घाऊक खरेदी केली आणि जो बल्ब २०१४च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडत होता, तो अवघ्या काही वर्षांत ३८ रुपयांवर आला. तंत्रज्ञानाइतकीच ही बाजाराची किमया, आणि माझ्या मते या देशाच्या सर्वांत कमी गाजलेल्या यशांपैकी एक.

गीझर. इथे गळती यंत्रात नाही, कल्पनेतच आहे. चंद्रपूरला किंवा कोराडीला कोळसा जाळतात तेव्हा उष्णतेच्या शंभर भागांतले पस्तीसेक भाग वीज होतात, बाकीचे वाफेबरोबर आणि धुराड्यातून जातात. तारांमधून घरापर्यंत यायला आणखी काही गळतात. हातात तीसेक उरतात. आणि एवढा द्राविडी प्राणायाम करून आणलेल्या विजेची आपण पुन्हा उष्णता करतो, तीही कितपत? वीस लिटर पाणी २७ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायचं, बस. एका आंघोळीला एक तृतीयांश युनिट, चौघांच्या घरात रोज दीड युनिटाच्या आत. हजाराहून जास्त अंशांची आग पेटवून कोमट पाणी मिळवायचं!

हे काम गच्चीवरचं ऊन फुकट करतं. सौर पाणीतापकाची काचेची नळी दुहेरी असते आणि दोन काचांमध्ये पोकळी. प्रकाश पोकळीतून आत जातो, पण उष्णतेला बाहेर यायला हवेचं माध्यमच उरत नाही. म्हणून ढगाळ दिवशीही आतलं पाणी तापलेलं असतं. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींना सौर पाणीतापकाची अट घातली, तीही देशातल्या बऱ्याच शहरांच्या आधी, आणि केंद्राच्या सौर शहर योजनेतही दोन्ही नावं आली. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तर ठाणे पालिकेने उन्हाच्या उष्णतेवर चालणारी वातानुकूलन यंत्रणा बसवली. उष्णता देऊन थंडावा घ्यायचा, हे ऐकायला कितीही उफराटं वाटलं तरी शास्त्र चोख आहे.

अट घालणं सोपं, चालू ठेवणं अवघड. भोगवटा प्रमाणपत्रापुरते बसवलेले आणि नंतर फुटक्या नळ्यांनिशी धूळ खात पडलेले सौर संच या भागातल्या किती गच्च्यांवर आहेत ते जाऊन पाहावं. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं, सौर संचाच्या दुरुस्तीचा विषय मात्र चहाच्या वेळेला उरकतात.

यावर एक जुना आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. १८६५ साली विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की वाफेची इंजिनं कमी कोळशात चालू लागली तेव्हा देशाचा कोळसा वाचला नाही, उलट वापर वाढला, कारण इंजिन परवडू लागलं. आपल्याकडेही एसीचं तेच होतंय. २०२०पासून तारांकित एसी चालू केला की आपोआप २४ अंशांवर येतो आणि तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. पण इन्व्हर्टर एसीचं बिल सोसवतं म्हणून तो आता हॉलमध्येही लागतो. तरीही जेव्हन्सच्या भीतीने हात आखडावा असं मला वाटत नाही. ज्या घरात आजवर एकच पंखा होता, तिथे त्याच बिलात दुसरा लागला तर एकूण वीज वाचली नसेल, पण आजीच्या खोलीत वारा आला. रेल्वेचंही तसंच. एकेका गाडीची वीज घटली म्हणून तर तेवढ्याच विजेत जादा गाडी सोडण्याचा विचार करता येतो, आणि सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलेल्या माणसाला त्याचं मोल सांगावं लागत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. पंखा जळाला की आपण तो रिवाइंडिंगला टाकतो, तीन-चारशे रुपयांत काम होतं आणि वस्तू वाया गेली नाही याचं समाधान मिळतं. पण तो पुन्हा ७५ वॉटचाच होऊन येतो, बरेचदा त्याहून खादाड. त्यामुळे पुढच्या मे महिन्यात पंखा बंद पडला तर इलेक्ट्रिशियनला हाक मारण्याआधी नव्या पंख्याच्या खोक्यावरचा वॉटचा आकडा वाचा. ३० वॉटचा पंखा दिवसभर फिरणार असेल तर तो दोन-तीन उन्हाळ्यांत स्वतःची किंमत फेडतो.