काळ्या पाषाणात तांबे-सोने का नाही?

जुळे सोलापुरात घराचा पाया खणा, नाहीतर शिवारात विहीर. काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण, हेच लागते. त्या पाषाणात कधी पांढरे स्फटिक चमकतात. अशा वेळी ‘खाली धातू आहे, काढून देतो’ म्हणणारा भेटला, तर पदरचे पैसे जातात. म्हणून जमिनीत धातू साचतो कसा, ते पाहू.

उसात गोडी असतेच. पण ढेप हवी तर ऊस चरकात पिळावा लागतो, रस काहिलीत आटवावा लागतो. धातूचेही तसेच आहे. पृथ्वीच्या कवचाचे मोठमोठे तुकडे आहेत. त्यांना भूपट्ट म्हणतात. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या किनाऱ्याशी समुद्रतळाचा भूपट्ट जमिनीच्या भूपट्टाखाली शिरतो. त्याच्याबरोबर खोल गेलेल्या पाण्यामुळे तेथील तप्त खडक वितळतो. वरचे कवच रेट्याने आवळले असले, की हा शिलारस सहजी बाहेर न पडता काही किलोमीटर खाली अडकतो. तो निवताना त्यातून धातू विरघळलेले कढत पाणी सुटते आणि भेगांत तांबे ठेवून जाते. चुकिकामाता, एस्कोंदिदा या मोठ्या खाणी अशाच घडल्या.

आपल्याकडे उलट झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून सरळ बाहेर आला आणि थरावर थर पसरला. त्यात लोह आहे, थोडे तांबेही आहे. पण ते सगळीकडे विखुरलेले. पिळणे-आटवणे झालेच नाही.

दाब आपल्या भूमीतही आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्याचीच खूण. परंतु नुसत्या दाबाने धातू साचत नाही. कढत पाणी आणि भेगाही लागतात. हे सारे जुळून आले ते सोलापूरच्या दक्षिणेस, रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या, दाबाने चिरडलेल्या खडकांत तेथे गारेच्या शिरांमधून सोने मिळते. तसले जुने खडक आपल्याकडे पाषाणाच्या जाड थरांखाली गाडलेले आहेत. विहिरीत ते लागायचे नाहीत.

तेव्हा चमकता दगड सापडला, तर कोणालाही पैसे देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत दाखवा. आणि हेही ध्यानात ठेवा, की याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती झाली. पाऊस सरल्यावरही ती ओल धरते, म्हणून रब्बीची ज्वारी पिकते. आपली खाण वरच आहे; तिची धूप होऊ देऊ नका.