चारशे फूट, पण कुठून?

ड्रोन पायलटच्या परीक्षेला बसणारा कुणीही ‘४०० फूट, म्हणजे १२० मीटर’ हा आकडा झोपेतून उठवलं तरी सांगेल. २०२१च्या ड्रोन नियमांनी ग्रीन झोनला, म्हणजे पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येणाऱ्या हवाई क्षेत्राला, घातलेली ही मर्यादा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. पण आकडा पाठ होणं हा या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे. कुठून मोजली हे ठाऊक नसेल तर ती उंची निरर्थक आहे, आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ती धोक्याचीही आहे. नियम मोजतो तो खालच्या जमिनीपासून. रिमोटच्या स्क्रीनवर ‘एच’पुढं दिसणारा आकडा मात्र बहुतेक ड्रोनमध्ये उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो. तिथं शून्य धरलं जातं आणि पुढं मुख्यतः हवेच्या दाबातल्या फरकावरून आकडा हलतो. सपाट माळावर दोन्ही मापं जुळतात. तोरणा किल्ल्याच्या पायथ्याशी जुळत नाहीत.

पायथ्याचं वेल्हे गाव (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे) समुद्रसपाटीपासून ढोबळमानानं ७०० मीटरवर धरू. तोरण्याचा माथा १,४०३ मीटर. गावातून ड्रोन १२० मीटर वर नेला आणि तीच उंची राखत गडाकडे सोडला, तर स्क्रीन शेवटपर्यंत १२० दाखवते आणि चढती जमीन ड्रोनला येऊन भिडते. उलट कड्यावरून उडवून दरीवर नेला, तर स्क्रीनवर ३० आणि जमीन तीनशे मीटर खाली. नियम मोडलेला असतो, स्क्रीनवर त्याचा मागमूसही नसतो. त्याच आकाशातल्या हेलिकॉप्टरचा वैमानिक अल्टिमीटरला क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला स्थानिक हवेचा दाब) लावून समुद्रसपाटीपासूनची उंची वाचतो. तो ‘३,००० फूट’ म्हणाला, तर वेल्ह्याच्या डोक्यावर तो जेमतेम ७०० फुटांवर असतो. गावावर ४०० फुटांवर असलेला ड्रोन त्याच मापात २,७०० फुटांवर येतो, म्हणजे दोघांत अंतर ३०० फुटांचं. शिवाय जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. पुणे परिसरात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठहून अधिक मीटरनं कमी भरते, आणि साठ मीटर म्हणजे परवानगीच्या उंचीचा निम्मा हिस्सा.

यावर कुणी म्हणेल, आता जमिनीच्या चढउताराप्रमाणे उडणारे ड्रोन आले आहेत, मग डोकेफोड कशाला? पण नकाशावर चालणाऱ्या यंत्रणेला नकाशात असतं तेवढंच कळतं; झाडाचा शेंडा, विजेची तार त्यात असेलच असं नाही. फवारणीच्या ड्रोनला खाली रडार असतं, ही सोय खरीच. तरी उतारावरच्या भातखाचरांत पुढचा बांध किती वर आहे हे चालवणाऱ्यालाच आधी पाहावं लागतं. गावठाणाच्या मोजणीतही हाच प्रश्न येतो. पुरंदरमधल्या सोनोरीत ड्रोनमोजणीचा पथदर्शी प्रयोग झाला, पुढं २०२० मध्ये अशाच मोजणीची स्वामित्व योजना आली. अशा कामात जमीन वर आली की एका फोटोत मावणारा भाग आकसतो, शेजारच्या फोटोंशी होणारं आच्छादन कमी पडतं आणि नकाशात भगदाड राहतं. ‘परीक्षेपुरतं पाठ केलं की भागतं’ म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगेन की प्रमाणपत्र परीक्षेनंतरच्या उड्डाणांसाठी असतं.

म्हणून अभ्यास करताना शाळेतल्या समोच्चरेषांचा नकाशा पुन्हा काढा. उड्डाणाची जागा, वाटेतली सर्वांत उंच जमीन आणि सर्वांत खोल दरी, तिन्हींची उंची कागदावर लिहा, आणि प्रत्येक आकड्यापुढं ‘कशापासून’ हे लिहिल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे वळू नका.