बोअरच्या पाण्यात कोणते मासे?

फिश टँकच्या दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘पीएच सात ठेवा, बाकी काही बघू नका.’ या सल्ल्यावर पीएच कमी करणाऱ्या बाटल्या भरपूर खपतात. मासे मात्र वाचतातच असं नाही. गोड्या पाण्यातले बहुतेक पाळीव मासे ६.५ ते ८ पीएचमध्ये मजेत राहतात. त्यांना सोसत नाही ती एकाच दिवसातली मोठी उलथापालथ.

आणि ती होते बाटलीमुळेच. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. वरून घातलेलं आम्ल ते खाऊन टाकतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पीएच तेवढ्यापुरता उतरतो. वायू उडून गेला की सकाळी आकडा पुन्हा वर. मालक पुन्हा थेंब टाकतो. असं करता करता एक दिवस बायकार्बोनेट संपतं आणि मग मात्र पीएच धाडकन कोसळतो. आम्ल पचवण्याची ही ताकद म्हणजे केएच. पीएचच्या आधी तोच मोजावा. पाच मिली पाण्यात किटमधलं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. निळं झालेलं पाणी पिवळं पडलं की थांबायचं. बहुतेक किटमध्ये जितके थेंब तितके अंश, आणि एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम. बारा-पंधरा थेंब लागले, तर त्या पाण्याशी झुंजू नये, मासे बदलावेत.

‘आमच्याकडे टीडीएस मीटर आहे की!’ असेल, पण तो पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून एकच आकडा सांगतो. कॅल्शियम किती, मीठ किती, हे त्याला कळत नाही. घरच्या सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याला साबणाचा छान फेस येतो, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. टीडीएस जवळपास तेवढाच, केएचही तेवढाच. डिस्कस माशाला हवं ते मऊ पाणी हे नव्हे.

मुंबईला भातसा-वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं, ते सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, म्हणून मऊ. बोअरचं पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं, म्हणून जड. कोकणातल्या जांभ्याच्या विहिरींची तऱ्हा उलटी, पाणी मऊ आणि बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी.

‘निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनचा, त्याला बोअरचं पाणी चालणारच नाही.’ हे अर्धंच खरं. फार्मवर वाढलेला टेट्रा मध्यम जड पाण्यात जगतो. अंडी मात्र तिथं नीट उबत नाहीत. एंजलफिशचंही तसंच. आपल्याकडे तो बऱ्याचदा चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पैदास केलेला असतो, अ‍ॅमेझॉन त्यानं पाहिलेलीच नसते. जंगली पकडलेल्या माशांना आणि डिस्कसच्या पिल्लांना ही सवलत नाही.

याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. मऊ पाणी म्हणजे सगळ्यांना चांगलं पाणी, असं मानून मॉली घरी आणली जाते. काही दिवसांत ती पर मिटून, जागच्या जागी अंग हलवत उभी राहते. दुकानदार औषध देतो. तिला कमी पडत असतात ती खनिजं. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि मलावी सरोवरातले सिक्लिड हे जड पाण्याचे गडी आहेत. बोअरवाल्यांनी खुशाल पाळावेत. एक पथ्य मात्र आहे. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना माशांनी सोडलेल्या अमोनियातला विषारी भाग जेमतेम ०.६ टक्के असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो. तेव्हा नव्या टँकमध्ये एकदम वीस मासे सोडू नयेत.

पीएच उतरवायला टाकलेल्या बदामाच्या पानांनी पाणी चहासारखं होतं, पण केएच जास्त असेल तर पीएच हलत नाही. निव्वळ आरओचं पाणीही नको, त्यात केएच जवळपास शून्य. ते नळाच्या पाण्यात मिसळून वापरावं.

शहराच्या कडेच्या सोसायट्यांत तर एकाच नळाला दोन पाणी असतात. एरवी धरणाचं, एप्रिल-मेमध्ये टँकरचं, म्हणजे बहुतेक वेळा विहिरी-बोअरचं. जानेवारीत मोजलेला केएच तेव्हा कामाचा नाही. टँकर सुरू झाला की पुन्हा मोजावं आणि काही आठवडे एका वेळी दहावा हिस्सा पाणीच बदलावं.